ज्ञानकोशाच्या उंबरठ्यावरील नवखा

ज्ञानकोश म्हटला कीं मागच्या पिढीच्या डोळ्यांसमोर जाड पुठ्ठ्याच्या खंडांची भारदस्त रांग उभी राही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड वाचनालयाच्या कपाटांत बंद असत. वाचकानें ते मागून घ्यावे, तेथेंच बसून वाचावे आणि परत करावे, असा रिवाज होता. त्यांत एखादी उणीव आढळली, तरी समासांत पेन्सिलीची खूण करण्यापलीकडे वाचकाच्या हातीं कांहीं नसे. आज सुशिक्षित घरांतून जो ज्ञानकोश दिवसांतून चार वेळां उघडला जातो, तो विकिपीडिया होय. आणि त्याच्या बहुतेक पानांच्या माथ्यावर संपादन करण्याचें उघड आमंत्रण लिहिलेलें असतें. वाचकानेंच लेखक व्हावें, ही कल्पना जितकी उदार तितकीच धाडसाची आहे.

परंतु या उघड्या दाराची एक दुसरीही बाजू आहे. आमंत्रण वाचून जे मोठ्या उमेदीनें आंत शिरतात, त्यांपैकीं पुष्कळजण पहिल्या दोनचार दिवसांतच हिरमुसले होऊन परत फिरतात. कोणी म्हणतो, 'माझा लेख कापून टाकला'. कोणी म्हणतो, 'मला पक्की ठाऊक असलेली गोष्ट मलाच खोटी ठरविली'. कोणी तर कांहींच न बोलतां पुन्हां त्या वाटेस जात नाहीं. ही तक्रार केवळ रुसव्याची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. ज्या ग्रंथास पगारी लेखक नाहींत, त्याचें सारें आयुष्य नव्यानें येणाऱ्या हातांवर अवलंबून असतें. ते हात कां मागें घेतले जातात, हें समजून घेणें म्हणूनच अगत्याचें आहे.

या प्रश्नाचें मूळ विकिपीडियाच्या जन्मकथेंतच सांपडतें. इ. स. २००० मध्यें जिमी वेल्स यांनीं 'न्यूपीडिया' नांवाचा एक ज्ञानकोश इंटरनेटवर सुरू केला; लॅरी सँगर हे त्याचे मुख्य संपादक होते. त्याची रीत जुन्या ज्ञानकोशांसारखीच होती. लेख तज्ज्ञांनीं लिहावा, आणि सात पायऱ्यांच्या तपासणींतून पार पडल्यावरच तो प्रसिद्ध व्हावा. परिणाम असा झाला कीं, पहिल्या वर्षांत दोन डझन लेखही पुरे झाले नाहींत. तेव्हां वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं प्रचारांत आणलेली 'विकी' नांवाची युक्ति त्यांनीं हातीं घेतली. हवाई बेटांच्या भाषेंत 'विकी' म्हणजे जलद. १५ जानेवारी २००१ रोजीं विकिपीडिया सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं झाला. या नव्या रीतींत क्रम उलटला. पूर्वीं आधीं तपासणी आणि मग प्रसिद्धि असे. येथें आधीं प्रसिद्धि आणि मग तपासणी, असें ठरलें.

हा उलटलेला क्रमच नवख्याच्या दुःखाचें पहिलें कारण आहे. जुन्या पद्धतींत लेख नापसंत झाला, तर संपादकाचें पत्र लेखकाच्या घरीं येई आणि ती गोष्ट दोघांतच राही. येथें लेख प्रथम चारचौघांत झळकतो आणि चारचौघांतच पुसला जातो. फळ्यावर लिहिलेलें उत्तर सहाध्यायानें उठून सर्वांदेखत पुसावें, तसाच हा प्रकार. पुसणारा कोणी अधिकारी नसून आपल्यासारखाच एक सभासद आहे, हें कळल्यावर तर राग अधिकच येतो. 'हा कोण मोठा लागून गेला?' असा प्रश्न मनांत उभा राहतो, आणि तो अस्वाभाविक म्हणतां येणार नाहीं.

एक उदाहरण कल्पून पाहूं. समजा, सातारा जिल्ह्यांतील एका गांवच्या शिक्षिकेनें आपल्या गांवच्या जुन्या तळ्यासंबंधीं लेख लिहिला. तळें कोणीं बांधलें, दुष्काळांत त्यानें गांव कसें तारलें, हें तिनें आजोबांच्या तोंडून ऐकलें आहे. घाटाच्या पायऱ्या तिनें स्वतः मोजल्या आहेत. रात्रीं उशिरापर्यंत जागून, देवनागरी अक्षरें जुळवीत जुळवीत, तिनें तो लेख चढविला. सकाळीं पाहते तों निम्मा मजकूर नाहींसा झालेला, आणि उरलेल्यावर संदर्भ नसल्याची पाटी लागलेली. प्रथमग्रासे मक्षिकापातः म्हणतात तो हाच. तिनें खोटें असें एक अक्षरही लिहिलेलें नाहीं. मग चुकलें कोठें?

याचें उत्तर विकिपीडियाच्या तीन मूळ दंडकांत आहे. लिखाण निःपक्षपाती असावें, हा पहिला. प्रत्येक विधान छापील किंवा अन्य विश्वसनीय साधनांवरून पडताळून पाहतां यावें, हा दुसरा. आणि लेखकानें स्वतः केलेलें नवें संशोधन येथें घालूं नये, हा तिसरा. यांतील दुसरा व तिसरा दंडक नवख्यास सर्वांत अधिक अडखळवितात. कारण शाळेंत, घरांत, समाजांत आपण निराळेंच शिकलेलों असतों. स्वतः पाहिलेली गोष्ट ऐकीव गोष्टीहून श्रेष्ठ, असा आपला अनुभव. विकिपीडियांत मात्र स्वतः मोजलेल्या पायऱ्यांपेक्षां पुस्तकांत छापलेल्या पायऱ्यांस मान अधिक! हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. पण थोडा विचार केला असतां त्यांतील तर्क ध्यानांत येतो. जुन्या ज्ञानकोशांत लेखाखालीं विद्वानाचें नांव असे आणि वाचक त्या नांवावर विश्वास ठेवी. येथें लिहिणारा कोण, हें कोणासच ठाऊक नसतें. तो इतिहासाचा प्राध्यापक असेल, किंवा खोड्या काढणारा शाळकरी पोर असेल. सबब विश्वास ठेवावयाचा तो लिहिणाऱ्यावर नव्हे, तर त्यानें दाखविलेल्या साधनावर. शिक्षिकेच्या सचोटीवर त्यांत कसलाही शेरा नसतो. पण हें तिला कोणी समजावून सांगितलेलें नसतें.

हा दंडक थोरामोठ्यांसही चुकलेला नाहीं. फिलिप रॉथ हे अमेरिकेचे ख्यातनाम कादंबरीकार. 'द ह्यूमन स्टेन' ही त्यांची कादंबरी २००० सालीं प्रसिद्ध झाली. तिचें मुख्य पात्र अनातोल ब्रॉयार्ड या लेखकावरून सुचलें, अशा अर्थाचें विधान विकिपीडियांत होतें. रॉथ यांचें म्हणणें, हें साफ खोटें. ती कल्पना प्रिन्स्टनचे प्राध्यापक मेल्विन ट्यूमिन यांच्यावर गुदरलेल्या एका प्रसंगावरून आली. त्यांच्या वतीनें दुरुस्तीची खटपट झाली, तेव्हां उत्तर मिळालें कीं, लेखकाचा शब्द मान्य असला तरी दुसऱ्या साधनांचा आधार हवा. अखेर सप्टेंबर २०१२ मध्यें रॉथ यांनीं 'न्यू यॉर्कर' या साप्ताहिकांत एक लांबलचक अनावृत पत्र लिहिलें. आणि तें छापून आल्यावर तेंच पत्र विकिपीडियास आधार म्हणून चाललें. स्वतःच्या कादंबरीविषयीं स्वतः कर्त्याचें सांगणें पुरेसें नव्हतें, छापून आल्यावर तें पुरेसें झालें, याचें हसूं येतें खरें. तथापि रॉथ यांच्या नांवानें येणारा प्रत्येक मनुष्य रॉथच असतो असें नाहीं, ही दुसरी बाजूही विसरतां येत नाहीं.

इतिहासाचे प्राध्यापक टिमोथी मेसर-क्रूस यांची हकीकत याहून कडू आहे. शिकागो येथें ४ मे १८८६ रोजीं हेमार्केट चौकांत बाँब फुटला आणि त्याबद्दल कामगार चळवळींतील आठजणांवर खटला झाला. आरोपींचा बाँबशीं संबंध जोडणारा पुरावाच सरकार पक्षानें दिला नाहीं, असें विकिपीडियाच्या लेखांत होतें. या प्राध्यापकांनीं खटल्याचे मूळ कागद वर्षानुवर्षें अभ्यासले होते आणि तें विधान त्यांस चुकीचें दिसलें. त्यांनीं दुरुस्ती केली; ती लागलीच परतविली गेली. मूळ कागद चालणार नाहींत, छापील ग्रंथ दाखवा, असें सांगण्यांत आलें. २०११ सालीं त्यांचा स्वतःचा ग्रंथ निघाला. तो घेऊन ते पुन्हां गेले, तेव्हां उत्तर आलें कीं, बहुसंख्य ग्रंथांचें मत निराळें आहे, आणि एकट्याच्या मतास अवाजवी वजन देतां येत नाहीं. २०१२ च्या फेब्रुवारींत त्यांनीं ही सारी कर्मकथा एका शिक्षणविषयक नियतकालिकांत मांडली. ज्ञानकोशानें विद्वानांत मान्य झालेलें मत सांगावें, नवें मत प्रस्थापित करूं नये, हें तत्त्व योग्य आहे. परंतु त्या तत्त्वाचा हट्ट झाला म्हणजे जाणत्याचेंही तोंड बंद होतें, हें या उदाहरणावरून दिसतें.

तिसरी अडचण 'उल्लेखनीयता' या शब्दाची. कोणत्या व्यक्तीवर वा विषयावर स्वतंत्र लेख असावा, हें ठरविण्याची कसोटी अशी कीं, त्या विषयावर इतरांनीं, स्वतंत्रपणें, पुरेसें लिहिलेलें असलें पाहिजे. या कसोटीचें प्रसिद्ध उदाहरण डोना स्ट्रिकलंड यांचें. या कॅनडांतील भौतिकशास्त्रज्ञ. लेसर किरणांच्या अत्यंत तीव्र व अत्यल्पकाल टिकणाऱ्या झोतांसंबंधीं त्यांनीं जेरार मूरू यांच्याबरोबर केलेलें काम १९८५ सालचें. मे २०१८ मध्यें त्यांच्याविषयीं कोणी एकानें लेखाचा मसुदा सादर केला. दिलेल्या साधनांवरून उल्लेखनीयता सिद्ध होत नाहीं, म्हणून तो परत आला. त्याच वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं त्यांस नोबेल पारितोषिक जाहीर झालें. भौतिकशास्त्रांत हा मान मिळविणाऱ्या त्या तिसऱ्याच स्त्री. लेख अर्थात् त्याच दिवशीं उभा राहिला. जगानें ज्यांच्याविषयीं लिहिलें नाहीं, त्यांच्याविषयीं विकिपीडियाही लिहीत नाहीं. आणि जगानें स्त्रियांविषयीं, खेड्यांविषयीं, लहान भाषांविषयीं नेहमींच कमी लिहिलेलें आहे. आरशांत जसें तोंड दिसावें, तशी ही उणीव त्यांत दिसते.

याखेरीज लहानसहान ठेचा पुष्कळ. गांवच्या थोर पुरुषाविषयीं लिहितांना 'थोर', 'आदरणीय', 'लोकप्रिय' हीं विशेषणें आपोआप लेखणींतून उतरतात. तीं तेथें खपत नाहींत. आपल्या संस्थेविषयीं, आप्ताविषयीं लिहिणाऱ्याकडे संशयानें पाहिलें जातें. स्मरणिकेंतील परिच्छेद जसाच्या तसा उतरवून घेणारा प्रामाणिकपणें समजतो कीं, आपण आधार दिला. पण तो प्रकाशनहक्काचा भंग ठरतो आणि सारा लेखच उडतो. आणि या प्रत्येक प्रसंगीं जी सूचना मिळते, ती ठराविक सांच्याची असते. ठरीव वाक्यें, नियमांचीं आखूड नांवें, आणि खालीं एक अपरिचित सही. कज्जेदलालाच्या भाषेंतील नोटीस घरीं यावी आणि ती वाचून साध्या माणसानें गांगरून जावें, तशी त्याची अवस्था होते.

असें असतां पहारेकरी इतके कडक कां, हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर २००५ सालच्या एका प्रकरणांत आहे. जॉन सीगेनथेलर या वयोवृद्ध अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रलेखांत कोणा अनामिकानें थट्टेखातर असा मजकूर घातला कीं, केनेडी बंधूंच्या खुनांत यांचा हात असल्याचा संशय होता. हा धादांत खोटा मजकूर मे महिन्यापासून सुमारें चार महिने तसाच राहिला. पुढें सीगेनथेलर यांनीं वृत्तपत्रांतून त्याचा जाहीर निषेध केला, आणि डिसेंबर २००५ पासून नोंदणी न केलेल्या माणसानें इंग्रजी विकिपीडियांत नवा लेख सुरू करण्यास बंदी झाली. एका सज्जनाच्या अब्रूचा प्रश्न होता. पहारा वाढविला हें योग्यच झालें. पुढें हें काम यंत्रांसही वांटून देण्यांत आलें. २०१० पासून 'क्लूबॉट एनजी' नांवाचा आपोआप चालणारा कार्यक्रम इंग्रजी विकिपीडियांतील वात्रट मजकूर क्षणार्धांत परतवितो. माणसांच्या हातींही अशीं साधनें आलीं कीं, एका कळीसरशीं दुरुस्ती रद्द व्हावी आणि सांच्यांतील इशाराही जावा. २०१८ पासून इंग्रजी विकिपीडियांत खातें उघडून चार दिवस व दहा दुरुस्त्या झाल्याखेरीज नव्या सभासदास थेट नवा लेख प्रसिद्ध करतां येत नाहीं. त्यानें मसुदा करून तपासणीस द्यावा लागतो.

पण सुक्याबरोबर ओलेंही जळतें. इंग्रजी विकिपीडियांत महिन्यास पांच तरी दुरुस्त्या करणारे सभासद २००७ सालीं ५०,००० हून अधिक होते. २०१३ च्या सुमारास ते ३१,००० च्या आसपास आले. पुढें ही घसरण थांबली. पण ती झाली कां? आरन हॅल्फकर व त्यांचे सहकारी यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत याचें कारण शोधलें आहे. नवखे लोक पूर्वींपेक्षां वाईट येऊं लागले, असें त्यांस आढळलें नाहीं. सद्‌हेतूनें येणाऱ्यांचें प्रमाण बहुतांशीं तेंच होतें. वाढलें होतें तें त्यांचें काम परतविलें जाण्याचें प्रमाण. आणि ज्यांचें पहिलें काम परतविलें गेलें, ते टिकण्याचा संभव कमी होता. खोडसाळांसाठीं लावलेल्या जाळ्यांत धडपडणारे शिकाऊ उमेदवारही अडकत होते. खोडसाळ मनुष्य दुसरें नांव घेऊन परत येतो. भला मनुष्य मात्र अपमान मानून घरीं बसतो.

मराठीच्या बाबतींत हा तोटा अधिक जड आहे. इंग्रजींत एक उमेदवार गेला तर दुसरा येतो. मराठी विकिपीडियाचा नित्याचा भार वाहणारे हात मुळांतच थोडे. शिवाय आपलें पुष्कळ ज्ञान अद्याप छापलेलेंच नाहीं. ओव्या, पिकांच्या जुन्या जाती, कारागिरांच्या युक्त्या, गांवोगांवच्या जत्रा हीं सारीं माणसांच्या तोंडीं आहेत. २०११ सालीं अचल प्रभला यांच्या पुढाकारानें मलयाळम, हिंदी व दक्षिण आफ्रिकेंतील सेपेडी या भाषांत एक प्रयोग झाला. जाणत्या माणसांचें सांगणें ध्वनिमुद्रित करावें आणि तेंच लेखास आधार म्हणून जोडावें, अशी ती कल्पना होती. तिला सर्वत्र मान्यता मिळाली नाहीं. परंतु प्रश्न खरा आहे, आणि तो सुटलेला नाहीं.

असें असलें तरी नवख्याच्या हातीं कांहींच नाहीं, असें समजूं नये. आधार इंटरनेटवरच हवा, हा एक मोठा गैरसमज आहे. छापील पुस्तक, त्याचा लेखक, साल आणि पृष्ठांक दिला कीं तो आधार चालतो. वरील शिक्षिकेनें वाचनालयांत जाऊन मुंबई इलाख्याचीं जुनीं गॅझेटियरें चाळावीं. सातारा जिल्ह्याचा खंड १८८५ सालचा आहे. मराठी विश्वकोश, जिल्ह्याचे इतिहास, जुनीं वृत्तपत्रें यांत शोध घ्यावा. सांपडेल तेवढेंच लेखांत घालावें, आणि आजोबांची आठवण निराळ्या लेखांत लिहून एखाद्या मासिकाकडे धाडावी. ती छापून आली म्हणजे पुढच्या लेखकास तिचा दाखला तरी देतां येईल. नवा लेख लिहिण्यापूर्वीं चालू लेखांतील शुद्धलेखन, सनावळी, तुटक वाक्यें सुधारावीं. मराठी विकिपीडियांत सरावासाठीं 'धूळपाटी' आहे. अक्षरें गिरविण्यास पूर्वीं मुलें जी धूळपाटी घेत, तिचेंच नांव तिला दिलेलें आहे. शंका विचारण्यास 'चावडी' आहे, आणि प्रत्येक लेखामागें चर्चेचें पान आहे. परतविलेला मजकूरही नष्ट झालेला नसतो. लेखाच्या इतिहासांत तो जसाच्या तसा राहतो. लेखच काढून टाकला असेल, तर मात्र तो प्रचालकांकडे मागावा लागतो. तेव्हां पुन्हां पुन्हां तोच मजकूर घालून भांडण वाढविण्यापेक्षां चर्चेच्या पानावर कारण विचारावें, आणि उत्तरास दोन दिवस थांबावें.

दुसरें कर्तव्य जुन्या सभासदांचें आहे, आणि तें अधिक मोठें आहे. 'नवागतांस चावूं नका' असा नियम विकिपीडियांतच आहे. समोरच्याचा हेतु चांगला आहे असें धरून चालावें, असाही आहे. इंग्रजी विकिपीडियांत २०१२ सालीं नवख्यांच्या शंकांसाठीं 'टीहाऊस' नांवाची बैठक सुरू झाली. २०१३ सालीं खुणांची किचकट भाषा न शिकतां लिहितां यावें, असें संपादनाचें सोपें साधन आलें. अलीकडे नव्या सभासदास सोपीं कामें सुचविणें, मार्गदर्शक जोडून देणें, हेही उपाय झाले आहेत. हे सर्व स्तुत्य होत. पण पहिल्या दिवशीं मजकूर परतविणाऱ्यानें स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहाव्या, याची बरोबरी दुसरा कोणताही उपाय करणार नाहीं. 'ताई, आपला लेख चांगला आहे. फक्त हें कोठें छापलें आहे तें सांगा,' एवढें लिहिण्यास किती वेळ लागतो? सांच्यांतील नोटिशीस अर्धा क्षण लागतो, यास अर्धें मिनिट.

केतकरांनीं ज्ञानकोश रचला तेव्हां लेखक मिळविण्यासाठीं, वर्गणीदार मिळविण्यासाठीं त्यांस गांवोगांव खेटे घालावे लागले. आज लेखक आपण होऊन दारीं येतात. तपासणी ढिली करून त्यांस खूष ठेवावें, असें कोणीही म्हणणार नाहीं. ज्या ग्रंथावर मुलें अभ्यास करतात आणि रोगी औषधांचीं नांवें पाहतात, तो बेभरंवशाचा होऊन चालणार नाहीं. पण नियम कडक असणें आणि नियमाचें कारण न सांगणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नवख्याचा उत्साहभंग होतो तो बहुतेक वेळां दुसऱ्या गोष्टीनें, आणि ती सुधारण्यास पैसा लागत नाहीं कीं यंत्र लागत नाहीं. ती सुधारली नाहीं, तर मराठी ज्ञानकोशांतील पुष्कळ पानें कोरींच राहतील, आणि जीं माणसें तीं भरूं शकलीं असतीं तीं एकेक करून आपल्यांतून निघून जातील.